जवळ माणूस, दूर पैसा

सेवाकार्याच्या अंदाजपत्रकाची बैठक आली, की ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक वाद हमखास डोकं वर काढतो. बाजूला काढलेला पैसा आसपासच्या गरजूंवर खर्च करायचा, की परदेशात दुष्काळात, भूकंपात, युद्धात होरपळणाऱ्यांना पाठवायचा? एक बाजू म्हणते, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. शिवाय बायबलमधलं प्रेषित पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं पत्र उघडून दाखवते, की जो स्वकीयांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. दुसरी बाजू येशूच्या ‘पृथ्वीच्या शेवटापर्यंत’ या शब्दांवर बोट ठेवते आणि समोरच्यांना संकुचित ठरवते. दोन्हीकडची माणसं प्रामाणिक असतात, वचनंही खरीच असतात. तरीही वर्षानुवर्षं निष्पन्न एकच: रकमेचे दोन वाटे करायचे आणि पुढच्या विषयाकडे वळायचं. त्या पैशाने कुणाचं काय झालं, हे विचारायचं राहूनच जातं.

‘इथे किती आणि तिथे किती’ हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. इथे काय द्यायचं आणि तिथे काय द्यायचं, यावर भांडायला हवं. जवळच्या गरजूला आपला वेळ लागतो, आपली ओळखपाळख लागते, चिकाटी लागते. दूरच्या गरजूला आपला पैसा लागतो, तोही तिथल्याच माणसांच्या हातात. आणि नागरिक म्हणून आपला जो काही आवाज आहे तो लागतो. आपण बहुतेक ठिकाणी नेमकं उलट करतो. शेजारच्या वस्तीत सणावाराला पाकिटं वाटून तासाभरात परततो आणि हजारो मैलांवरच्या शाळेच्या भिंती रंगवायला मात्र जातीने हजर होतो.

जवळच्या गरिबीपासून सुरुवात करू. गरिबी म्हणजे वस्तूंचा तुटवडा, असं आपण धरून चालतो, म्हणून वस्तू देतो. पण अडचणीतल्या माणसाला बऱ्याचदा वस्तूंपेक्षाही पाठीशी उभं राहणाऱ्या कुणाचीतरी उणीव असते. सुस्थितीतल्या कुटुंबात कुणी आजारी पडलं तर एखादा डॉक्टर ओळखीचा निघतो, कुणी अर्ज भरून देतं, कुणी कचेरीत शब्द टाकतं. ज्याच्यामागे असं कुणी नाही तो एका कागदासाठी पुन्हा पुन्हा चकरा मारतो, प्रत्येक चकरेला त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि शेवटी तो हक्काचं पेन्शन किंवा उपचार सोडून देतो. अशा वेळी मंडळीची खरी संपत्ती कोणती? तिच्या बाकांवर निवृत्त कारकून बसतात, परिचारिका बसतात, शिक्षक, वकील, हिशेबनीस बसतात. रुग्णालयाच्या रांगेत एखाद्या म्हातारीबरोबर अर्धा दिवस उभं राहायचं, डॉक्टर काय म्हणाले ते तिला दोनदा समजावून सांगायचं, गोळ्यांच्या पाकिटावर सकाळ-रात्र अशी खूण करून द्यायची, हे दानपेटीला जमत नाही. त्यासाठी माणूसच लागतो, आणि पुढच्या तपासणीलाही तोच माणूस लागतो.

ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्डला १९९६ साली ‘ख्रिश्चन्स अगेन्स्ट पॉव्हर्टी’ ही संस्था सुरू झाली. तिच्या कामाची पद्धत मला इथे महत्त्वाची वाटते. कर्जात बुडालेल्या माणसाच्या घरी प्रशिक्षित सल्लागार जातो, आणि सोबतीला जवळच्या मंडळीतला स्वयंसेवक असतो. टेबलावर सगळी बिलं, नोटिसा, धनकोंची पत्रं मांडली जातात. कित्येकदा ती पाकिटं फोडलेलीही नसतात, कारण आत काय असेल याची धास्तीच तेवढी असते. उत्पन्न-खर्चाचा हिशेब, धनकोंशी बोलणी, हप्ते ठरवणं हे तज्ज्ञ पाहतात. स्वयंसेवक त्या घराशी संबंध टिकवतो. पाकीट फोडताना शेजारी कुणी बसलेलं असेल तरच पुढचं सगळं सुरू होतं. एवढं करायला मंडळीला मोठा निधी लागतो का? अजिबात नाही. लागते ती एक गोष्ट, जी आपण फार काटकसरीने देतो: सलग लक्ष.

यावरचा आक्षेप वजनदार आहे. भुकेल्याला सोबत नको असते, आधी जेवण हवं असतं. उघड्या-उपाशी भावाला नुसतंच ‘सुखाने जा’ म्हणणाऱ्याला याकोबाने आपल्या पत्रात चांगलंच फटकारलं आहे. हे मान्यच करायला हवं: ज्या घरात आज चूल पेटणार नाही तिथे आज धान्यच पोहोचलं पाहिजे, आणि ते पोहोचवणाऱ्याला ‘ही वरवरची मलमपट्टी’ म्हणून हिणवणं हे भरल्या पोटीच सुचतं. पण धान्य देऊन काम संपलं असं मानायचं की तिथून सुरू झालं, हा फरक उरतोच. ट्रसेल ट्रस्ट या संस्थेने २००० साली इंग्लंडमधल्या सॉल्झबरीत आपली पहिली अन्नपेढी, म्हणजे गरजूंना फुकट धान्य देणारं केंद्र, उघडली. पुढे मंडळ्यांनी जागा दिल्या, स्वयंसेवक दिले आणि देशभर जाळं उभं राहिलं. वाटप करताना ही माणसं का येतात, याची नोंद त्यांनी ठेवली: रखडलेले सरकारी भत्ते, न पुरणारं उत्पन्न. त्या नोंदींच्या बळावर ही संस्था आज सरकारशी भांडते आणि अन्नपेढीची गरजच उरू नये हे आपलं ध्येय असल्याचं उघड सांगते. किती मंडळ्या आपल्या वाटपाच्या यादीपुढे ‘का’ असा एक रकाना ठेवतात?

आता दूरचं. अल्पकालीन सेवादौऱ्यांच्या बाजूने जे सर्वांत चांगलं म्हणता येईल ते आधी म्हणतो. तरुण मुलांना आपल्या चौकटीबाहेरचं जग दिसतं, त्यांच्या प्रार्थनांना चेहरे मिळतात, आणि काहींच्या आयुष्याला तिथूनच कायमचं वळण लागतं. डोळ्यांचे किंवा दुभंगलेल्या ओठांचे शल्यविशारद काही दिवस जाऊन शस्त्रक्रिया करतात आणि तिथल्या डॉक्टरांना शिकवतात, तेव्हा थोड्या दिवसांतही मोठं काम होतं. हे सगळं खरं आहे. पण पहिल्या प्रकाराला शिक्षण म्हणावं आणि त्याचा खर्च शिक्षणाच्या खात्यावर टाकावा. गरजूंसाठी म्हणून गोळा केलेल्या पैशातून विमानाची तिकिटं का काढायची? आणि दुसऱ्या प्रकारात जाणाऱ्याकडे तिथे नसलेलं कौशल्य असतं. भिंत बांधायचं कौशल्य जगात कुठेही दुर्मीळ नाही. जिथले गवंडी कामाविना बसलेत तिथे नवखी मुलं विटा रचतात, तेव्हा त्या मजुरीचा घास कुणाच्या तोंडचा जातो?

नुकसान एवढ्यावर थांबलं असतं तर मी इतकं आग्रहाने लिहिलं नसतं. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अनाथालयांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. युद्ध संपून बराच काळ लोटला होता, मग अनाथ आले कुठून? युनिसेफच्या पाहणीनुसार या संस्थांमधल्या दर चार मुलांपैकी सुमारे तिघांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी, हयात होतं. परदेशी पाहुणे आणि देणगीदार अनाथालयं पाहायला येत होते, म्हणून अनाथालयं निघत होती. आणि अनाथालय भरायला गरीब घरातली मुलं शिक्षणाच्या आशेवर आणली जात होती. दाते दयाळूच होते, त्यात मंडळ्याही होत्या. हैतीत १२ जानेवारी २०१०च्या भूकंपानंतर तीन आठवड्यांच्या आत अमेरिकेतल्या बाप्टिस्ट मंडळ्यांमधले १० जण ३३ मुलांना घेऊन डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या सीमेवर पकडले गेले. मुलं अनाथ आहेत असं ते सांगत होते. पुढे कळलं, की मुलांना आईवडील होते. मुलाचं तरी भलं होईल म्हणून त्यांनी पोटचं पोर परक्यांच्या हवाली केलं होतं. जे कुटुंब मूल देऊन टाकायला तयार होतं, त्याला थोडा पैसा आणि डोक्यावर छप्पर मिळालं असतं तर ते मूल घरीच राहिलं असतं. पण त्यासाठी आधी त्या आईला विचारावं लागतं, आणि चार दिवसांच्या घाईत, दुभाष्यामार्फत, ते विचारणं होत नाही.

‘मग काय, नुसते पैसे पाठवून मोकळं व्हायचं? हे तर उंटावरून शेळ्या हाकणं झालं,’ असं कुणी म्हणेल. पहिल्या शतकातल्या मंडळीने काय केलं ते पाहू. रोमन सम्राट क्लौद्य कैसराच्या काळात दुष्काळ पडला तेव्हा अंत्युखियाच्या शिष्यांनी वर्गणी काढली आणि बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांच्या हाती ती यहूदियातल्या मंडळीच्या वडीलधाऱ्यांकडे धाडली. पुढे पौलाने मासेदोनिया, अखया इथल्या मंडळ्यांकडून यरुशलेमच्या गरिबांसाठी मदत जमवली. यरुशलेमला पैसा गेला आणि तो सुखरूप पोहोचवायला मंडळ्यांनी निवडलेली मोजकी माणसं गेली. करिंथच्या मंडळीला पौल कारणही लिहितो: एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कुणी आपल्यावर दोष ठेवू नये. अफरातफरीची शंका आजची नाही. तिच्यामुळे पौलाने देणं थांबवलं नाही. निवडलेले साक्षीदार आणि उघडा हिशेब हा उपाय काढला. वाटप कुणी करायचं, याचंही उत्तर प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे. रोजच्या वाटपात आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीक भाषक यहुद्यांनी तक्रार केली. तेव्हा निवडले गेलेले सात जण कोण? स्तेफन, फिलिप्प, निकानोर, तिमोन... सातही नावं ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांकडे कोठाराच्या किल्ल्या गेल्या. परदेशी मदतीच्या किती समित्यांवर मदत घेणाऱ्यांचा एक तरी प्रतिनिधी बसतो?

गरिबाच्या हाती रोख दिली तर ती दारू-तंबाखूत जाईल, हे भाकीत तर सगळीकडे ऐकू येतं. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१४ साली लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशियातले याविषयीचे अभ्यास एकत्र तपासले. रोख मदतीमुळे अशा गोष्टींवरचा खर्च वाढतो असं त्यांना आढळलं नाही. मुलाला शाळेत घालायचं, पत्रा टाकायचा की बकरी घ्यायची, हे ज्याचं घर आहे त्याला जास्त कळतं. वाटेत जखमी पडलेल्या परक्याची सेवा करणाऱ्या शोमरोनी माणसाच्या, येशूने सांगितलेल्या दाखल्यात आपण जखमांवर ओतलेलं तेल आणि द्राक्षारस लक्षात ठेवतो. दुसऱ्या दिवशी त्याने दोन दीनार उतारशाळेच्या रखवालदाराला दिले, आणि अधिक खर्च झाला तर परत येताना देईन असा शब्दही दिला, हे विसरतो. रस्त्यात भेटला तोवर हाताने सेवा केली. पुढे जायची वेळ आली तेव्हा तिथे राहणाऱ्या माणसावर विश्वास टाकला.

आपल्याकडच्या इतिहासात याचं लखलखीत उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. १८८७ साली बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. वेगवेगळ्या पंथांचे धर्मगुरू आणि मंडळ्यांमधल्या स्त्रिया तिच्यात होत्या, आणि सभासदांनी वर्षाला एक डॉलर असं सलग दहा वर्षं देण्याचं वचन दिलं होतं. विधवांसाठी शाळा कशी चालवायची हे शिकवायला त्या सगळ्याजणी जहाजात बसून आल्या नाहीत. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं ते रमाबाईंनी. विधवेच्या आयुष्यातल्या खाचाखोचा जिला स्वतःच्या अनुभवातून ठाऊक होत्या, तिच्या हाती निर्णय होते. दहा वर्षांची हमी होती म्हणूनच पुढचा विचार करता आला. एक डॉलर ही रक्कम लहान होती. दहा वर्षं हा शब्द मोठा होता.

त्याच शारदा सदनाच्या इतिहासात या विषयावरचा सर्वांत अवघड आक्षेपही दडलेला आहे. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी सदनाशी संबंध तोडले. मुली ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, हे कारण. रमाबाईंची बाजू अशी, की मी कुणाला बोलावत नाही, पण स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना दार लावूनही घेणार नाही. त्यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. पण सुधारकांचा रागही पोकळ नव्हता. छप्पर देणारा आणि छपराखाली राहणारा यांच्यात ‘मोकळी निवड’ किती मोकळी असते? मदतीच्या आडून धर्मांतर होतं, हा आरोप ऐकला की मंडळ्यांमध्ये लगेच दुखावल्याचा सूर लागतो. त्यापेक्षा आपण स्वतःला काय बांधून घेतलं आहे हे दाखवावं. आपत्तीतल्या मदतकार्यासाठी १९९४ साली जी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता तयार झाली, तिच्या पुरस्कर्त्यांमध्ये रेड क्रॉसबरोबर कॅरिटास, लूथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या ख्रिस्ती संस्थाही होत्या. मदत वंश, धर्म, राष्ट्रीयत्व न पाहता द्यायची आणि कुठल्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी वापरायची नाही, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या मंडळीच्या सभासदाने हे वाक्य वाटपाच्या टेबलावर उघड लावावं. आणि ख्रिस्ती माणसाला यात काही गमावल्यासारखं का वाटावं? येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, त्यांतला आभार मानायला एकच परत आला. बाकी नऊ जणांचा रोग परतला असं शुभवर्तमान सांगत नाही.

पैसा पाठवला की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. नायजेरियातल्या यादवी युद्धात फुटून निघालेल्या बियाफ्रा प्रांताची कोंडी झाली तेव्हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांनी एकत्र येऊन रात्रीच्या अंधारात, दिवे मालवून, उली नावाच्या धावपट्टीवर विमानं उतरवली. पाच हजारांहून अधिक फेऱ्यांमधून सुमारे ६० हजार टन मदत पोहोचली. कितीतरी मुलं जगली. याच मदतीमुळे हरत चाललेलं युद्ध लांबलं, आणि लांबलेल्या युद्धाने आणखी बळी घेतले, अशी टीकाही तेव्हापासून होत आली आहे. ती मला झटकून टाकता येत नाही, आणि तरीही भुकेल्या मुलांसाठी निघालेलं विमान थांबवायला हवं होतं असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. यातून निष्पन्न एवढंच होतं, की भूक जिथे राजकारणाने लादलेली असते तिथे धान्य अपुरं पडतं. तिथे राजकारणावरच बोलावं लागतं. १७९१ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव ब्रिटिश संसदेने फेटाळला, तेव्हा सुमारे तीन लाख लोकांनी गुलामांच्या श्रमातून आलेली साखर घरातून हद्दपार केली. त्यात बिनीवर होत्या स्त्रिया, ज्यांना मताचा अधिकारही नव्हता. १९९८च्या मे महिन्यात बर्मिंगहॅमला श्रीमंत राष्ट्रांचे प्रमुख जमले असताना सुमारे ७० हजार लोकांनी मानवी साखळी केली. मागणी होती गरीब देशांची न फिटणारी कर्जं माफ करण्याची, आणि तिची कल्पना होती बायबलच्या लेवीय पुस्तकातल्या पन्नासाव्या वर्षाची, गरिबीपायी विकलेली जमीन परत मिळण्याच्या आणि दास्य फिटण्याच्या वर्षाची. पुढच्या काही वर्षांत अब्जावधी डॉलरची कर्जं माफ झाली. टांझानियाने २००१ मध्ये प्राथमिक शाळेची फी रद्द केली, त्याला या माफीचा हातभार होता. कुठल्या सेवादौऱ्याने एवढी मुलं शाळेत घातली असती?

‘इथे’ आणि ‘तिथे’ यांतली भिंत काही वेळा आपोआप कोसळते, आणि तेव्हाच मंडळीची खरी परीक्षा होते. निर्वासित दाराशी येतो तेव्हा तो परदेशातला की इथला? १९७९ साली मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळ्यांच्या संस्थेने कॅनडाच्या सरकारशी करार केला, की निर्वासित कुटुंबांना आम्ही प्रायोजित करतो. इतर मंडळ्या मागोमाग आल्या. १९७९-८० मध्ये व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसमधून ६० हजार लोक कॅनडात आले, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना सरकारने नव्हे, अशा खासगी गटांनी आणलं होतं. गटाने उचललेली जबाबदारी साधारण वर्षभराची असते: भाडं, घरखर्च, मुलांचा शाळाप्रवेश, डॉक्टरकडची पहिली भेट, भाषेचा वर्ग, नोकरीचा अर्ज. जे दूर असताना पैशाने करायचं होतं, तेच जवळ आल्यावर शरीराने करावं लागलं. कुटुंब आणि गट यांच्यात खटकेही उडत. कपाटात काय असावं, मुलीने संध्याकाळी कुठे जावं, यात प्रायोजक नाक खुपसत. पण वर्ष संपताना ते कुटुंब शहरातल्या दहाबारा घरांना नावाने ओळखत असे, आणि ती दहाबारा घरं त्याला.

लहान मंडळी म्हणेल, आमच्याकडे ना माणसं ना पैसा. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः कमालीच्या दारिद्र्यात होत्या आणि देण्यात आम्हाला वाटा द्या म्हणून पौलाच्या मागे लागल्या होत्या. लहान मंडळीला रुग्णालयात सोबत जाणारी दोन माणसं मिळाली तरी पुष्कळ. दूरच्या एका मंडळीला रक्कम कितीही छोटी असो, सात-आठ वर्षं नेमाने पाठवली तरी पुष्कळ. कुणीच गेलं नाही तर नातं सुकेल, ही भीती खरी आहे. म्हणून जावं, पण पौलाच्या साथीदारांसारखं, दोघांतिघांनी, हिशेब पाहायला आणि ऐकायला. आणि तितक्याच वेळा तिथल्यांना इथे बोलवावं, आपल्या खर्चाने, आपल्या वस्तीतली सेवा कशी चालते ते त्यांच्या नजरेने तपासून घ्यायला. येत्या बैठकीत दौऱ्याच्या रकमेवर हात वर होण्याआधी, हा पैसा तुमच्या हाती असता तर तुम्ही कशावर खर्च केला असता, असं विचारणारं पत्र त्या मंडळीला गेलेलं असावं. उत्तर आलेलं नसेल, तर ठराव पुढच्या बैठकीवर ढकलावा.